नाण्यांवरची चित्रं सारखी का बदलतात? कोणतं नाणं तसंच राहायला हवं होतं?

पावली
दोन रुपयांचं नाणं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नेमकं कोणतं येतं? घरातल्या डब्यातली चिल्लर ताटात ओतून बघितली, तर नुसत्या दोनच्या नाण्यांत पाच तऱ्हा निघाल्या. अकरा कोनांचं नकाशावालं, अधिकच्या चिन्हासारख्या रेषांचं, दोन बोटांचं, ₹ चिन्ह नि फुलांचं, आणि हे अलीकडचं धान्याच्या लोंब्यांचं. संत-महात्म्यांची वेगळीच, ती मी धरलेलीच नाहीत.

ही पाचही आजच्या घडीला चालतात. एकाच किमतीच्या नाण्याची पाच तोंडं कशाला? माझं सरळ मत आहे की एकदा चित्र ठरलं की निदान दोन पिढ्या त्याला हात लावू नये. नोटांचं समजू शकते, खोट्या नोटा निघतात म्हणून बदलाव्या लागतात. दोन रुपयांचं खोटं नाणं पाडून कोण श्रीमंत होणार आहे?

तर प्रश्न दोन. का बदलतात? आणि तुमच्या मते कोणतं नाणं जसंच्या तसं राहायला हवं होतं?

बारक्या
दोन बोटांचं. पुढचा प्रश्न.

खडूस
पंचवीस पैशांवरचा गेंडा. २०११ च्या जूनअखेर चार आणे चलनातून गेले तेव्हा एकानेही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बारक्या, तुझी ती दोन बोटं म्हणजे सरकारने वर्गाबाहेर जायची परवानगी मागितल्यासारखी दिसायची.

चिंचगुळी
😂😂 खडूस, आता ते नाणं हातात आलं की हेच आठवणार.

कलदार
छान धागा. थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे 'सारखी' म्हणजे किती ते कळेल.

नाण्याचं चित्र रिझर्व्ह बँक ठरवत नाही. तो अधिकार केंद्र सरकारचा. नाणी पाडतं सरकार, रिझर्व्ह बँक ती फक्त वितरित करते. सध्या लागू आहे तो २०११ चा नाणे कायदा.

प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० ची. राजाचा मुखवटा गेला, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १९४७ च्या रुपयावर वाघ होता, त्याच्या जागी धान्याच्या लोंब्या आल्या. मग १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत, 'नये पैसे'. त्यातलं 'नये' १९६४ च्या जूनमध्ये गळालं. साठच्या दशकात ॲल्युमिनियम आलं. १९८८ पासून सुट्ट्या पैशांत स्टेनलेस स्टील, १९९२ मध्ये स्टीलचा रुपया. इथवर चाल संथ होती.

त्यानंतरची यादी बघा. २००४-०५ ला छेदणाऱ्या रेषांची मालिका, २००७ ला हस्तमुद्रा, २०११ ला ₹ चिन्ह, २०१९ ला नवी मालिका, २०२२ ला अमृतमहोत्सवाची. पावलीताईंची तक्रार याच वीस वर्षांपुरती रास्त आहे. त्याआधी आपली नाणी चित्र बदलण्यापेक्षा धातू बदलत होती.

शंकासुर
कलदार, धातू बदलायचं कारण काय? एकदा पाडलं की झालं ना?

निवृत्त_रोखपाल
याचं उत्तर मी देतो. आयुष्यभर रोख मोजली आहे.

नाण्याच्या आतला धातू नाण्यावर लिहिलेल्या किमतीपेक्षा महाग झाला की नाणं बाजारातून नाहीसं होतं. पाचचं जुनं जाड पांढरं नाणं आठवतंय? तांबं-निकेलचं, ९ ग्रॅमचं. ते काउंटरवर टाकलं तर आवाजावरून कळायचं. आमच्याकडून पिशव्याच्या पिशव्या बाहेर जायच्या आणि परत यायच्याच नाहीत. २००७ च्या सुमारास पेपरात बातम्या होत्या की नाणी सीमेपलीकडे जातात, वितळवून त्यांची दाढीची पाती करतात. त्यानंतरचं पाचचं नाणं स्टीलचं आलं, ६ ग्रॅमचं. थोड्याच दिवसांत पिवळं आलं, तेही ६ ग्रॅमचं. म्हणजे तीन-चार वर्षांत पाच रुपयांनी वजन बदललं, रंगही बदलला. गिऱ्हाइकाने गोंधळून जायचं नाही तर काय करायचं?

आता खरी गंमत सांगतो. घरी वजनकाटा असेल तर करून बघा. १९९२ चा स्टीलचा रुपया आणि २०११ चं ₹ चिन्हवालं दोनचं नाणं घ्या. दोन्ही २५ मिलिमीटर, दोन्ही ४.८५ ग्रॅम. एकावर एक ठेवलीत तर कड तंतोतंत जुळते. तसंच २०११ चा रुपया आणि १९८८ चे स्टीलचे आठ आणे, दोन्ही २२ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे २०११ साली ही दोन्ही नाणी एकेक पायरी खाली उतरली. रुपया आठ आण्यांच्या मापात गेला आणि दोन रुपये रुपयाच्या मापात. महागाई म्हणजे काय हे समजावायला इतका सोपा धडा दुसरा नाही.

आम्ही रोखपाल नाणी बघून मोजत नव्हतो. गड्डी बोटांत धरून तिच्या उंचीवरून, जाडीवरून मोजायचो. २०११ नंतर पहिले काही महिने रुपयांच्या गड्डीत दोनची नाणी निघायची आणि दिवसाचा हिशोब जुळायचा नाही.

मेघमल्हार
काका, दंडवत. स्वयंपाकघरातला काटा काढून बघितलं. १९९८ चा रुपया आणि २०१४ चं दोनचं नाणं, दोन्हींना काटा ५ ग्रॅम दाखवतो, आणि कड खरंच जुळते. इतकी वर्षं वापरतोय, कधी लक्षातच आलं नाही.

खडूस
म्हणजे जुना रुपया नव्या दोनच्या भावात खपवता आला असता. कुणी केलं असेल तर हात वर करा. (बारक्या, दोन बोटं चालतील.)

पावली
रोखपालकाका, ही माहिती मला नवीन. पण हे धातूचं झालं. धातू बदला, माप बदला, चित्र तेच ठेवा ना. रेषा आल्या, मग बोटं आली, त्यात कुठला धातू महागला होता?

मेघमल्हार
रेषांचं कारण वेगळं. 'विविधतेत एकता' असं त्या चित्राचं नाव होतं. एकमेकींना छेदणाऱ्या दुहेरी रेषा आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके. कल्पना वाईट नव्हती, पण बघताक्षणी कुणालाही तसं वाटत नव्हतं. लोकांना त्यात क्रूस दिसला आणि वाद झाला. मग २००७ ला हस्तमुद्रा आल्या. आठ आण्यांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोनवर दोन बोटं. आमच्या ग्रुपमध्ये नृत्य शिकणाऱ्या मैत्रिणी होत्या, त्यांनी त्या मुद्रांची नावंही लगेच सांगितली. बाकी जगाला मात्र रुपयावरचा अंगठा बघून 'एकदम झकास' एवढंच कळलं.

खडूस
क्रूस नव्हताच तो. उगाच राईचा पर्वत केला. ज्यांना शोधायचं असतं त्यांना सापडतंच. आणि नंतर हाताचा पंजा कुणाचं चिन्ह आहे यावरून दुसरा गदारोळ झाला. नाण्यावर कोरं वर्तुळ काढलं तरी कुणीतरी म्हणेल की हे आमच्या विरोधकांचं शून्य आहे.

सह्यकडा
खडूस, प्रश्न 'होता की नव्हता' हा नाही. नाण्यावरचं चित्र लाखो हातांत जातं. समजावून सांगायला कुणी सोबत जात नाही. ज्या चित्राला खुलासा लागतो ते नाण्यावर फसलं, इतकं साधं आहे. कणसाला कधी खुलासा लागला? गेंड्याला लागला?

आणि खरं सांगायचं तर आपल्या रोजच्या नाण्यांवर आपलं काहीच नाही. महाराजांचं नाणं काढलं तेही तेवढ्यापुरतं, १९९९ ला दोन रुपयांचं. ते रोजच्या नाण्यावर कायमचं का नाही?

कलदार
सह्यकडा, त्याच वर्षी रुपयावर ज्ञानेश्वर माउलीही आले होते. २००२ ला दोनच्या नाण्यावर तुकोबा, २००७ ला पाचच्या नाण्यावर लोकमान्य. पण नियमित नाण्यांवर आपण व्यक्तीचा चेहरा घेतलेला नाही. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला किंमत नि नक्षी. चेहरे फक्त स्मारक नाण्यांवर. त्याची सुरुवात १९६४ ला नेहरूंपासून झाली. मला हे धोरण शहाणपणाचं वाटतं. एक चेहरा कायमचा आला की दुसऱ्या दिवशी बाकीच्यांची रांग लागेल.

सह्यकडा
नोटेवर गांधीजी चालतात, तेव्हा रांग कुठे लागली?

खडूस
लागलीय की. तुम्ही वर्तमानपत्र वाचत नाही का?

संपादक
नोटा, चेहरे आणि पक्षचिन्हं यांच्यासाठी वेगळे धागे आहेत, तेही बंद केलेले आहेत. कृपया नाण्यांवर या.

चिंचगुळी
संपादकांचा छापा पडला, आता गप्प 🙊

माझा अनुभव सांगते, चित्र बदलल्याचा खरा ताप तोच आहे. दहाची नाणी! आमच्याकडे एक काळ असा होता की दहाचं नाणं कुणी घेतच नव्हतं. रिक्षावाला नाही, भाजीवाली नाही. एका बसच्या वाहकाने तर मला उतरवायचीच बाकी ठेवली होती. म्हणे, "ताई, याच्यावर पंधरा रेघा आहेत, हे खोटं. दहा रेघांचं खरं." मी म्हटलं, सरकारने दिलंय, मी घरी नाही पाडलं. तर मागच्या सीटवरून एक आजोबा म्हणाले, "मॅडम, तुमचं खरंय, पण ते नाणं मलाही देऊ नका." शेवटी त्यांच्याच शेजारच्या बाईंनी माझं तिकीट काढलं आणि वर नाणंही घेतलं नाही.

निवृत्त_रोखपाल
चिंचगुळीताई, त्या वाहकाचा दोष अर्धाच. पंधरा रेघांचं आधीच्या मालिकेतलं, दहा रेघांचं ₹ चिन्ह आल्यानंतरचं. दोन्ही खरी. दहाच्या नाण्याच्या तब्बल १४ तऱ्हा तेव्हा चलनात होत्या. रिझर्व्ह बँकेला २०१८ च्या जानेवारीत जाहीर सांगावं लागलं की चौदाच्या चौदा वैध आहेत. १४४४० या क्रमांकावर फोन केला की तेच ऐकवायचे. आता सांगा, चौदा तऱ्हा असलेल्या नाण्यावर सामान्य माणसाने विश्वास कसा ठेवायचा? अफवा पसरवणाऱ्याला आयतं कोलीत मिळालं.

आणि नाणं नाकारणं बेकायदेशीरच. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. आठ आणे फक्त दहा रुपयांपर्यंत. पण बसमध्ये कायद्याचं कलम काढून कोण उभं राहतं!

शंकासुर
काका, म्हणजे आठ आणे अजून चालतात?

निवृत्त_रोखपाल
कायद्याने चालतात. चालवून दाखवा.

कलदार
दहाच्या नाण्यांवरून एक जुनी गोष्ट आठवली. थोडं अवांतर आहे, पण मूळ प्रश्नाला धरून आहे.

चित्र बदललं की नाण्याची किंमत बदलते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि एके काळी ती खरी होती. मुघली रुपयावर बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष छापलेलं असे. नवं वर्ष लागलं की सराफ गेल्या वर्षीच्या रुपयावर बट्टा लावायचे. चांदी तेवढीच, तारीख जुनी म्हणून पैसे कमी. हे बंद करायला कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९३ ला नामी उपाय काढला. शाह आलम बादशहाचं १९ वं वर्ष कायमचं गोठवून टाकलं. पुढे कितीही वर्षं गेली तरी रुपयावर सन १९ च. तारीख सरळसरळ खोटी, पण ओळख पक्की. सराफांना बट्टा लावायला जागाच उरली नाही.

आणि दख्खनमध्ये तर याहून मोठं उदाहरण आहे. शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या पश्चातही हाच मजकूर चालू राहिला, पेशवाईत चालू राहिला आणि एकोणिसाव्या शतकातही या नाण्यांचा बाजारात वावर होता. पाडणारे हात बदलले, अक्षरांचं वळण बिघडलं, काही शिवराया तर इतक्या ओबडधोबड की निम्मी अक्षरं नाण्याच्या बाहेर गेलेली. माझ्याकडे एक आहे, तिच्यावर फक्त 'राजा' वाचता येतं. तरी ती शिवराईच. बाजारात तिला नाव होतं, त्यामुळे तो मजकूर इतका टिकला.

तेव्हा पावलीताईंच्या पहिल्या मताला माझं अनुमोदन. ओळख मोडली की बट्टा लागतो. पंधरा रेघा नि दहा रेघा हा त्याचाच आजचा अवतार.

पावली
कलदार, __/\__ हे लेख म्हणून वेगळं लिहा ना कधीतरी.

मेघमल्हार
मी उलट बाजूने बोलतो. सगळेच गोठवायच्या बाजूचे दिसतायत. अहो, चित्रं बदलली नसती तर आपण पोरांनी नाण्यांकडे बघितलंच नसतं. 'सर्वांना अन्न' छापलेलं सत्तरच्या दशकातलं नाणं, त्याच काळातलं नियोजित कुटुंबाचं नाणं. आईवडील आणि दोन मुलं. त्या काळात देशाला काय हवं होतं ते पाकिटात वाचता यायचं. नाण्यावर काळ उमटायला हवा. गोठवलेलं नाणं सोयीचं असेल, पण मुकं असतं.

खडूस
ते नियोजित कुटुंबाचं नाणं आमच्या घरी सात भावंडांत मिळून एक होतं.

थेम्सकाठी
इथून थोडं लिहिते. ब्रिटनमध्ये २००८ ला नाण्यांची चित्रं बदलली तेव्हा राजचिन्हाच्या ढालीचे तुकडे करून ते एका पेनीपासून पन्नास पेन्सपर्यंतच्या सहा नाण्यांवर वाटले. नाणी नीट मांडली की ढाल पूर्ण होते. बघायला अप्रतिम. पण त्यावर किंमत आकड्यात नव्हतीच, फक्त शब्दांत! नव्याने आलेला माणूस दुकानात नाणं फिरवून फिरवून बघत उभा. मी स्वतः रांग अडवून उभी राहिलेली आहे. राजे चार्ल्स आल्यावर २०२३ ची मालिका आली, तिच्यावर खारी, मधमाश्या वगैरे, आणि आकडा मात्र ठसठशीत. शिकले म्हणायचे.

आणि राजाचं तोंड राणीच्या उलट दिशेला, ही इथली जुनी रीत.

खडूस
घरोघरी हीच रीत आहे.

बारक्या
खिक्!

स्पर्शिका
धागा सकाळपासून ऐकतेय. (मला दिसत नाही, मोबाइल वाचून दाखवतो. मघाशी खडूस यांच्या विनोदावर तो अजिबात हसला नाही.)

तुम्ही सगळे चित्रावर बोलताय. माझ्या लेखी नाण्याला चित्र नसतंच. माझं नाणं म्हणजे कड, जाडी आणि वजन. लहानपणी मला आजोबांनी नाणी शिकवली ती अशी. दोनच्या नाण्याला कोपरे, अंगठा कडेवरून फिरवला की टोचतात, मोजायची गरज नाही. पाचचं जाड, आणि त्याच्या कडेच्या मधोमध एक खाच, नख बरोबर त्या खाचेत बसायचं. रुपया गोल नि पातळ, आठ आणे त्याहून लहान. चार खुणा, संपलं. मी दुकानात कुणाच्या आधी सुट्टे काढून द्यायचे.

मग दोनचे कोपरे गेले. ते गोल झालं, आणि रुपयात नि त्याच्यात मोठेपणाचा फरक जेमतेम दोन मिलिमीटर. एकटं हातात आलं तर सांगताच येत नाही, दोन्ही शेजारी लागतात. मग २०११ ला रोखपालकाका म्हणाले तसं दोनचं नाणं जुन्या रुपयाच्या मापाचं झालं. तुम्हाला कधी लक्षात आलं नाही म्हणालात ना मेघमल्हार? मला पहिल्याच दिवशी लक्षात आलं. आणि उपयोग काय, कारण जुना रुपयाही चालू होता. एकाच मापाची दोन नाणी, एक रुपया, एक दोन रुपये. मी शेजारच्या माणसाला विचारायला लागले. जे काम मी शाळेपासून स्वतः करत होते त्यासाठी.

बोटांची चित्रं न वाचता येणाऱ्यांसाठी सोयीची होती असं तेव्हा ऐकलं होतं. आमची सोय कुणाला सुचली नव्हती.

पावली
स्पर्शिका, मी हा विचार केलाच नव्हता. २०१९ ची नाणी तुमच्यासाठी म्हणून काढली असं वाचलं होतं. ती कशी आहेत?

स्पर्शिका
चांगली आहेत, मनापासून सांगते. रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७. किंमत वाढते तसं माप वाढतं, वजनही. इतकी साधी शिस्त आणायला इतकी वर्षं का लागली कोण जाणे. वीसचं नाणंही २७ चंच आहे, पण त्याला बारा बाजू आहेत आणि कडेवर दाते नाहीत. दहाच्या कडेवर दाते आहेत. कोपरे बोथट आहेत, जुन्या दोनसारखे टोचत नाहीत. तरी चालतं.

पण ही नाणी एकटी थोडीच येतात? पर्समध्ये २०१९ चं दोन, २०११ चं दोन, बोटांचं दोन आणि १९९५ चा रुपया एकत्र असतात. नवं चांगलं आणलं पण जुनं कुणी परत घेत नाही. नोटा बदलतात तेव्हा जुन्या हळूहळू बँकेत जमा होतात, परत बाहेर येतच नाहीत. नाणी चाळीस चाळीस वर्षं फिरतात. नवं माप आणायचं तर जुनं उचला.

निवृत्त_रोखपाल
बाई, नेमकं बोललात. नोट खराब होते, फाटते, म्हणून ती आपोआप परत येते. स्टीलचं नाणं मरत नाही. आणि नाणी गोळा करून परत पाठवणं कुठल्याच शाखेला नको असतं. वजन, जागा, मोजणी. आमच्याकडे कुणी पोतं घेऊन आला की अर्धी शाखा जेवायला जायची.

शंकासुर
वीसचं नाणं आणि दहाचं नाणं, रंग उलटे आहेत ना? मला नेहमी गोंधळ होतो.

कलदार
हो. दहाचं बाहेरचं कडं पिवळं, आतली चकती पांढरी. वीसचं बाहेरचं पांढरं, आतली पिवळी. ही रचना दिसणाऱ्यांसाठी. बारा बाजू स्पर्शिकांसाठी. २०१९ च्या मालिकेची आखणी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केली होती.

चिंचगुळी
थोडं अवांतर. माझ्याकडे २०१२ चं वैष्णोदेवीचं पाचचं नाणं आहे. व्हॉट्सॲपवर आलंय की ते दहा लाखांना जातं. खरं का हो? विकून युरोपला जाईन म्हणते.

कलदार
ती नाणी भरमसाट पाडलेली आहेत, बाजारात भरपूर मिळतात. 'नाणं आम्ही घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा' म्हणणारे लुटारू आहेत. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हा धंदा चालतो म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेने जाहीर इशारा दिला होता. एक पैसाही भरू नका.

खडूस
चिंचगुळी, युरोप राहू दे, त्या पाच रुपयांत बस तरी मिळते का बघ. ते पिवळं आहे, वाहक घेईल.

बारक्या
नाण्यावर टाकसाळ कशी ओळखायची? माझ्याकडे एकावर चांदणी आहे.

कलदार
सालाखाली बघायचं. चांदणी म्हणजे हैदराबाद, शंकरपाळ्यासारखा चौकोन म्हणजे मुंबई, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईची टाकसाळ फोर्टमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली. बाहेरून शेकडो लोक रोज जातात, आत काय आहे ते निम्म्यांना माहीत नसतं.

मेघमल्हार
मूळ प्रश्न बाजूला राहिला. माझं मत: १९९२ चं अकरा कोनांचं दोनचं नाणं. स्पर्शिकांचं वाचल्यावर तर नक्कीच. नकाशा नि झेंडा होता म्हणून नाही, कोपऱ्यांसाठी. आधी मी बोटांच्या बाजूचा होतो, पण बोटांना बोटांनी ओळखता येत नाही.

सह्यकडा
माझं मत शिवराईला. संपादक, हे राजकारण नाही, हे नाणं आहे.

संपादक
मान्य.

निवृत्त_रोखपाल
९ ग्रॅमचं पाच. आवाज असलेलं शेवटचं नाणं.

खडूस
गेंडा. मी पहिल्यापासून एका मतावर आहे, बाकी सगळे गडगडले.

पावली
माझं मत बदललंय असं नाही, पण हललंय. चित्राचा मी फार बाऊ केला. चित्र बदलायला हरकत नाही, माप नि कड बदलू नये. काय म्हणता, स्पर्शिका?

स्पर्शिका
मी एवढंच म्हणते की २०१९ ची मापं आता हलवू नका. चित्रावर हवं ते काढा, गेंडा काढा, कणीस काढा.

शंकासुर
पण २०२२ ला परत बदललं ना? अमृतमहोत्सवाची नाणी आली की.

कलदार
मापं तीच आहेत. फक्त नक्षी बदलली, बोधचिन्ह आलं.

स्पर्शिका
मग मला कळलंच नव्हतं की ती वेगळी आहेत. आत्ता पर्समधून सगळी दोनची काढून भावाला विचारलं. तीन निघाली.